उंबरठा धरून पंधरा

सोमवार, ५ जानेवारी

कुसुमताई, गुडघा कसा आहे? जिना चढता का अजून, की लेकानं खालची खोली दिली? दादांचा खोकला उतरला का? सूनबाईंची पाठ? नातू तुमच्या अंगाखांद्यावर खेळतो की मोबाईलवर?

वही उघडली की आधी हेच लिहायची सवय लागली. तुम्हीच म्हणाल्या होत्या, "गयाबाई, रोज चार ओळी लिहा. कोणाला तरी सांगताय असं समजा, म्हणजे हात अडत नाही." मी तुम्हाला सांगते असं समजते. पाठवत कधीच नाही. ही पाचवी वही.

इकडची खुशाली. आरोहीचं नाक वाहतं. शिवांशच्या पायाची खरूज बसली (त्याचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, मी शिवाच म्हणते). नंदाची स्वरा ठणठणीत, तोंडाला कुलूप नाही. हजेरी १४. शिवाय एक नवा, यश. साडेतीन वर्षांचा. गावाबाहेरच्या वीटभट्टीवर नवीन कुटुंब आलं, त्यांचा. आत येत नाही. उंबरठ्यावर बसतो, एक पाय बाहेर. पळायची तयारी ठेवून. अकरा दिवस झाले. तुमचा नेम होता, उंबरठ्यावर बसलेलं पोरही आपलंच, हजेरीत धरा. मी धरते. ह. १४, उं. १.

अंगणवाडीतली तुमची सेविकेची जागा अजून रिकामी. शेजारच्या गावच्या सेविकाबाई मंगळवारी अन शुक्रवारी येतात, मोबाईलमधे भरतात, जातात. बाकीचे दिवस मी मदतनीस, चूल अन पोरं. एप्रिलमधे मीही सुटणार.

बुधवार, ७ जानेवारी

ह. १३, उं. १.

तुमच्या जागेसाठी गावातून दोनच अर्ज गेले. एक आपल्या नंदाचा, पांडूभाऊच्या एकुलत्या एका लेकीचा. दुसरा माझ्याच घरचा. सूनबाईचा, शीतलचा. मार्कांवरून यादी लागणार म्हणे.

संतोष जेवताना म्हणाला, "आई, तू एकतीस वर्षं खिचडी शिजवली. आता सून खुर्चीवर बसन."

मी म्हटलं, "बापा, अंगणवाडीत खुर्ची एकच हाय, अन तिच्यावर डाळीचा डबा असते."

शीतल हसली. बऱ्याच दिवसांनी. तिचं डी.एड.चं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात, साड्यांच्या खाली. सणाला साडी काढली की पिशवी वर येते, ती पुन्हा खाली सरकवते. सहा वर्षं पाहते आहे मी हे. कधी बोलले नाही, ती चूक माझी.

गुरुवार, ८ जानेवारी

शीतल म्हणाली, "आत्याबाई, मी येऊ का तुमच्यासंग? तेवढीच सवय होईन."

सकाळी दोरी घेऊन दोघी निघालो. तीच दोरी, माझ्या सासूच्या लुगड्याचा काठ, तुम्ही अन मी मिळून पिळलेला, वीस गाठींचा. घरोघर जायचं, ज्याची गाठ त्याच्या मुठीत. तुमचा नेम असा की सगळ्यात हळू चालणारं पोर पुढं, अन मोठं माणूस सगळ्यात मागं. शीतलला कोण सांगणार? तिनं शिवाला पुढं केलं, तो उंच. स्वतः त्याचा हात धरला. दोरी ताणली गेली, मागची बारकी फरफटत आली. एरवी पाऊण तास लागतो, आज वीस मिनिटांत पोहोचलो.

"पाहा आत्याबाई, किती टाइम वाचला!"

खरंच वाचला. बकरीचं पिल्लू पाहायचं राहिलं, हापशीला हात लावायचा राहिला, एकीची चप्पल राहिली ती मागून कोणी आणून दिली. वाचलेल्या वेळाचं आम्ही काय केलं ते दुपारी आठवू लागले. आठवलं नाही.

पण भिंतीवर खडूनं तिनं मोर काढला. काय मोर काढला! पोरं त्याला दाणे टाकत होती.

शुक्रवार, ९ जानेवारी

सेविकाबाई यायच्या होत्या, म्हणून शीतलनं यशला उचलून आत आणला. "मोजणीत दिसला पाह्यजे न."

तो रडला नाही. तेच वाईट. अंग लाकडासारखं केलं अन चड्डीत झाली. पोरं हसली. शीतलचा चेहरा उतरला. तिनंच त्याला धुतलं, स्वतःच्या ओढणीनं पुसलं, नाक मुरडलं नाही. हेही लिहून ठेवते. न्यायानं लिहावं.

जाताना यशनं मागं पाहिलं नाही.

सोमवार, १२ जानेवारी

ह. १४, उं. ०. ते शून्य काढताना पेन अडलं.

यादी लागली. पहिली नंदा, दुसरी शीतल. थोडक्या मार्कांनी. कोणाला हरकत असेल तर दहा दिवसांत कागद द्यायचा.

मी काय करून बसले ते लिहिते. संध्याकाळी चहाच्या वेळी संतोष म्हणाला, "नंदी गावची कुठं हाय? तिचं लग्न झालं. रहिवासी पाह्यजे म्हनते नियमात."

मी कौतुकानं सांगायला गेले. "अरे, मीच लिहिलं होतं अंगणवाडीच्या वहीत! पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, त्या साली सर्वे केला. नावापुढं 'ता.' लावलं. तात्पुरती. आता पाह्य, पांडूभाऊले लकवा मारला अन जावईच इथं येऊन राह्यला. चार वर्षं झाली त्याले."

संतोषचा कप तोंडापाशी थांबला.

"ता. अजूनबी हाय का वहीत?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मंगळवार, १३ जानेवारी

अंगणवाडीत आल्या आल्या मी कुटुंबाची वही काढली. आहे. मागच्या सालच्या वहीत आहे, त्याच्या मागच्या वहीतही आहे. "नंदा, वय, एक अपत्य, ता." माझंच अक्षर. गोल गोल.

ताई, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या साली तुम्ही म्हणाल्या, नवी वही तुम्ही उतरवा. मला केवढा आनंद झाला होता! चाळिशीत पोरांच्या पाट्यांवरून अक्षर शिकलेली बाई मी, अन माझ्या हातची सरकारी वही! एक काना सोडला नाही, एक टिंब सोडलं नाही. जसंच्या तसं उतरवलं. शिकलेल्या माणसानं उतरवताना डोकं वापरलं असतं. म्हटलं असतं, ही तर आता इथंच राहते, हे 'ता.' कशाला? मी फक्त हात वापरला. दरवर्षी. खाली तुमची सही.

आता खोडायला गेले तर खाडाखोड दिसेल. अन खोडायचा अधिकारही माझा नाही.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत.

नंदाकडं हळदीकुंकवाला गेले. जाऊ नये वाटत होतं. शीतल आली नाही, डोकं दुखतं म्हणाली.

घर नेहमीसारखं. एका खाटेवर पांडूभाऊ, दुसऱ्या खाटेवर धुतलेले कपडे, घडी न केलेले. नंदाला घडी घालणं येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कुठंही वेळेवर पोहोचत नाही. पांडूभाऊ बोलू शकत नाही, पण तिळगूळ दिला तर डाव्या हातानं माझा हात दाबला.

नंदा म्हणाली, "काकू, यश दोन दिवस झाले आला नाही म्हने? स्वरा सांगून राह्यली होती."

माझ्या तोंडावर आलं होतं सांगायचं. वहीचं. तिळगूळ तोंडात होता. गोड खाऊन गप्प बसले.

शुक्रवार, १६ जानेवारी

ह. १४, उं. १! आला!

नंदा भट्टीवर जाऊन आली होती. काय केलं विचारलं तर म्हणाली, "काई नाही काकू. त्याच्या मायसंग विटा मोजत बसली अर्धा घंटा. त्यानं मले पाह्यलं. बस."

मग त्याच्यासोबतच आली अन आत गेलीच नाही. उंबरठ्यावरच बसली, त्याच्याकडं पाठ करून. मांडीवर तुरीच्या शेंगांची टोपली. शेंगा फोडून सोले काढू लागली. त्याला हाक नाही, खाऊ नाही, टाळ्या नाहीत. पाच-सात शेंगांनंतर एक शेंग मागं जमिनीवर ठेवली. परत सोलू लागली. थोड्या वेळानं मागून टिचकन आवाज आला.

खिचडीत आज सोले होते. यशनं सोललेले किती, कोण मोजतो. पण वाटी त्यानं उंबरठ्यावर बसून चाटूनपुसून साफ केली.

हे तिला कोणी शिकवलं? मग आठवलं. पंचवीस वर्षांपूर्वी एक पोरगी महिनाभर पायरीवर बसायची, अन तुम्ही तिच्याकडं पाठ करून गहू निवडायच्या. पाचवी गाठ. नंदाच ती.

आज सेविकाबाईंचा वार. संतोष दारात येऊन गेला. बाईंशी गोड बोलला, वहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला. मी चुलीपाशी होते. पाहिलं अन पातेलं ढवळत राहिले.

सोमवार, १९ जानेवारी

संतोषनं हरकत दिली. शेलूबाजारला जाऊन टाईप करून आणली. खाली शीतलची सही. मला म्हणाला, साक्षीदार म्हणून तू कर, तुझंच अक्षर आहे.

"नाही करत."

"काहून? खोटं हाय का ते?"

"खरं नाही."

"तूच लिहिलं न!"

"हाव. म्हणूनच."

तो चिडला. "सख्खी सून सोडून परक्या घरची लेक दिसते तुले. हिच्या डिग्रीले वाळवी लागून राह्यली, त्याचं काई नाही!"

वाळवीचं खरं आहे. आपलेच दात अन आपलेच ओठ. शीतल भाकरी थापत होती. थापता थापता थांबली नाही. भाकरी मात्र करपली, तिची कधी करपत नाही.

गुरुवार, २२ जानेवारी

ह. १४, उं. १.

शीतल अजूनही रोज येते. मला वाटलं होतं येणार नाही. बोलत नाही माझ्याशी, पण येते.

आज ती पोरांना गोष्ट सांगत होती, वाघाची. आवाज असे काढते की मीही चुलीपाशी दचकले. मधेच थांबली. उठून आरोहीच्या मागं गेली, हळूच म्हणाली, "आरोही, तुले लाडू पाह्यजे?" आरोही हलली नाही. समोर येऊन तेच म्हटलं तर पोरगी हात पुढं करून उभी.

"आत्याबाई, हिले मागचं ऐकू येत नाही."

ताई, दीड वर्ष आरोही माझ्या हाताखाली आहे. मी तिला 'ध्यानात नसते' म्हणत होते. दोनदा रागावले पण. शीतलला पंधरा दिवसांत दिसलं. तिनं दुपारीच आरोहीच्या आईला गाठलं, डॉक्टरकडं नेलं. कान फुटलेला. औषध दिलंय. सुधारेल म्हणाले.

मग मी काय म्हणून मनातल्या मनात निवाडा करून बसले होते? एक उंबरठ्यावर बसते, दुसरीला कान दिसतो. कोणाला पुढं करायचं, कोणाला मागं?

पण निवाडा माझ्याकडं मागितलेला नाही. माझ्याकडं एवढंच आहे, नंदा गावात राहते की नाही.

सोमवार, २६ जानेवारी

झेंडा झाला. यश पायरीपर्यंत. नंदा उशिरा आली, केस ओले. शीतलनं रांगोळीत मोर काढला. दोघी दोन टोकांना. मधे पोरं. स्वरा मोठ्यानं म्हणाली, "शीतलमावशी अन माझी आई कट्टी हाय का?"

पोरांपासून काही लपत नाही, ताकाला जाऊन भांडं लपवणारे आपणच.

मंगळवार, २७ जानेवारी

नंदाला नोटीस आली. सोमवारी मंगरूळपीरला सुनावणी. मलाही बोलावलंय, वही घेऊन.

ती संध्याकाळी आली. दारातच उभी. शीतल अंगणात होती, आत निघून गेली.

"काकू, तुमाले माहीत होतं?"

"हाव व माय."

"संक्रांतीलेबी?"

"हाव."

ती रडली नाही, भांडली नाही. स्वरा तिच्या कडेवर झोपली होती, तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. म्हणाली, "सोमवारी पोराइले कोन पाह्यन मग? सुट्टी देऊ नोका. भट्टीवालं पोट्टं बंद दार पाहून वापस गेलं त पुन्हा येणार नाही." अन निघून गेली.

मी पाठोपाठ दारापर्यंत गेले, तोवर ती वळणापार गेली होती.

सोमवार, २ फेब्रुवारी

पोरांसाठी गावातल्या आशाताईला बसवलं. यशला फक्त एवढं सांगितलं की मी संध्याकाळी येते. तो माझ्या पिशवीकडं पाहत होता.

मंगरूळपीरला जायला जीप कोणाची? नंदाच्या नवऱ्याची, गजाननची. शेलूबाजारच्या लाईनवर त्याचीच गाडी सकाळी असते. पुढं संतोष अन शीतल, मागं मी अन नंदा, मांडीवर वही. भांडणारे अन भांडवणारी एकाच गाडीत. गजानन दार लावताना शीतलला म्हणाला, "वहिनी, पदर सांभाळा, दारात अटकते." वाटेत खड्डा आला की सगळे एकाच वेळी उडत होतो.

ऑफिसातल्या मॅडम तरुण, चष्म्याच्या. वही उघडली.

"ही नोंद कोणाच्या हातची?"

"माझ्या."

"खोटी आहे का?"

"लिहिली तेव्हा खरी होती. मागून मी तिला खोटी होऊ दिली. दरवर्षी तेच उतरवलं, पाहिलं नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुमची सून दुसऱ्या नंबरावर आहे ना?"

"हाव."

"मग तुम्ही हे कशाला सांगता?"

मी म्हटलं, "पोरं हाय न मॅडम तिथं." हे काय उत्तर झालं? पण त्यांनी पेन पुन्हा उचललं.

निकाल असा. मदतनीसचं सांगणं चालत नाही. वहीवर सही ज्या सेविकेची, तिनं मूळ सहीनं लिहून द्यावं, ही बाई चार वर्षांपासून गावात राहते की नाही. सोळा तारखेच्या सोमवारपर्यंत. गजानन म्हणाला, मी उद्या अमरावतीला कुसुमताईंकडं जाऊन आणतो. मॅडम नको म्हणाल्या. संबंधितानं आणलेला कागद नको, टपालानं थेट ऑफिसात यावा. फोनवरचं चालणार नाही. सोमवारपर्यंत आला नाही तर वहीत आहे तेच धरलं जाईल.

म्हणजे माझं 'ता.'

येताना फाट्यावर उतरलो तर नंदानं माझी पिशवी उचलली. सवयीनं. मग लक्षात आलं तिच्या, पण तरी खाली ठेवली नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

संतोष म्हणाला, "आई, एवढंच कर. पत्र टाकू नोको. काई करू नोको म्हणतो मी, खोटं बोल म्हणत नाही."

काही न करणं मला चांगलं जमतं. चार वर्षं तेच करत आले त्या वहीत. आणखी तेरा दिवस, एवढंच तर.

दिवसभर पत्र लिहायला बसले. पोरं भोवती. "आजी, काय लिहिते?" शिवानं कागदावर हात ठेवून त्याभोवती रेघ मारली. एक कागद त्यातच गेला. दुसऱ्यावर 'सप्रेम नमस्कार' लिहून थांबले. नंदा राहते एवढं लिहायला दोन ओळी पुरतात. पण दोन ओळींत तुम्हाला काय कळणार की इथं काय चाललंय? अन कळलं की तुमचाही हात थांबेल. तुम्ही शीतलच्या लग्नात अक्षता टाकल्यात.

बुधवार, ४ फेब्रुवारी

सकाळी दोरी घेऊन निघाले. शीतल आलीच सोबत. आज दोरी मीच तिच्या हातात दिली, पाहू म्हटलं. तिनं पोरांना उभं केलं. मग थांबली. आरोहीला पुढं आणलं, कारण मागून हाक मारली तर तिला ऐकू येत नाही. स्वतः शेवटी गेली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, मीही तसं काही दाखवलं नाही. चाळीस मिनिटं लागली. बकरीचं पिल्लू आता मोठं झालंय.

दुपारी पोरं निजली होती. मी पाकीट काढलं, तुमचं नाव लिहिलं, अमरावती लिहिलं. शीतल शेजारी येऊन बसली. वाटलं, हातातून ओढून घेते की काय.

"पिनकोड नाही लिवला तुमी. परत येईन ते."

मोबाईलवर शोधला. माझ्या हातातून पेन घेऊन पत्ता पुन्हा पूर्ण लिहिला, तिच्या सुंदर अक्षरात. मग पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं अन विचारलं, "आत्याबाई, खरं सांगा. नंदी माह्यापेक्षा चांगली हाय का?"

"मी फक्त ती इथं राहते का नाही, तेवढंच लिहून मागून राह्यली."

"ते नाही इचारलं मी."

निजलेल्या पोरांत कोणाचा तरी घसा घरघरत होता. मी म्हटलं, "तुले दिसते. मले दीड वर्षं नाही दिसलं ते तुले पंधरा दिवसांत दिसलं. पण तू पोराइले लवकर मोठं करू पाह्यते. तिले घाई नाही."

तिनं पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाली, "मले घाई असनच न. मी सहा वर्षं थांबली."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं झटकला नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

ह. १४, उं. १.

कुसुमताई, ही पानं वहीतून सोडवून पाकिटात घालते आहे. पहिल्यांदा खरंच तुम्हाला पाठवते. पत्र जमेना, मग म्हटलं, जे तुम्हालाच सांगत होते ते तुमच्याकडंच जाऊ दे. अक्षर सुधारलं का पाहा. चुका असतील त्या माझ्या. वहीतली मोठी चूक तर आहेच.

कागद मॅडमकडं पाठवायचा, पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर शीतलनं लिहून दिलाय. तुम्हाला जे खरं माहीत आहे तेवढंच लिहा. नंदाकडं पाहून नको, माझ्याकडं पाहूनही नको. संतोषला मी आज सकाळी सांगितलं, मी टाकते आहे. तो जेवला नाही. डबा मात्र घेऊन गेला.

अन दुसरं. शीतलनं जे विचारलं, त्याचं उत्तर मला देता आलं नाही. एकतीस वर्षं तुमच्या मागं दोरीच्या शेवटी चालले, तरी नाही. चांगली बाई ती, जिला उंबरठ्यावर बसता येतं, की ती, जिला न ऐकणारा कान दिसतो? की दोन्ही, अन मग एकीनं घरी बसायचं? तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर नाही म्हणून लिहा, तेही चालेल.

आज यशनं शेंगा मागितल्या. पहिला शब्द. सोले संपलेत, हंगाम गेला आता, म्हणून शीतलनं त्याला वाळलेल्या तुरीची मूठ दिली, त्याच्याजवळ उंबरठ्याशी वाकून. तिला पाहून तो सरकला. पण बाहेर नाही सरकला, कडेला सरकला. तिच्यापुरती जागा झाली.

गुडघ्याला रोज तेल लावा. दादांना हळदीचं दूध द्या. ताई, उत्तराला उशीर करू नका. आमचा सोमवार जवळ आलाय. कागद ऑफिसात जाऊ द्या, अन शीतलच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं माझ्या नावानं टाका. तिच्यासमोरच उघडीन.

तुमची गया